बोरखडी फाट्यावरचा कट

रोडच्या कडंच्या बाभळीला वाऱ्यानं चिंध्या, पिशव्या येऊन अडकत्यात. कुणी मुद्दाम टांगत न्हाय, पर चार महिन्यांनी बघावं तर अख्खी बाभळ भरलेली असती. किश्शांचं तसंच हाय. आमी फाट्यावर बसणारी चार-पाच माणसं काय किस्से गोळा करायला बसलो नव्हतो. बसलो होतो एका कामाला. पर वर्षभरात असं कायबाय अडकत गेलं की आता कुणी चहाला टेकलं की पयलं म्हणतंय, "तात्या, तो गॉगलवाला सांगा." म्हणून म्हणलं, एकदाच सगळे एका जागी सांगून टाकावे.

काम काय होतं ते आधी सांगतो, म्हंजी पुढचं ध्यानात येईल.

म्या बत्तीस वर्षं ह्याच रोडवर मैलकुली होतो. मैलकुली म्हंजी रोडची देखभाल करणारा सरकारी गडी. खड्डे भरायचे, कडंचं गवत काढायचं, पावसाळ्यात पाण्याला वाट करून द्यायची. माझा जोडीदार म्हादू. बत्तीस वर्षं एकाच घमेल्याला दोघांचे हात. तवा रोड एवढासा होता, समोरून एसटी आली की बैलगाडी खाली उतरायची.

आता तुळजापूरकडं जाणारा तो रोड चौपदरी झाला. मधी कमरेएवढा डिव्हायडर. गाव अलीकडं राह्यलं. शाळा, निम्मी शेतं अन् मसणवटा पलीकडं गेला. रोडच्या खालून बोगदा व्हणार हाय, पर त्याचं काम अर्ध्यात हाय अन् आत पाणी साचलंय. तवर फाट्यासमोर डिव्हायडरमधी ट्रॅक्टर जाईल एवढी मोकळी जागा ठेवलीय. तिला सगळे कट म्हणत्यात. तो कट बंद झाला तर पलीकडं जायला सहा किलोमीटर जाऊन वळायचं अन् सहा किलोमीटर परत यायचं. पायी. पयलीतल्या लेकरानं सुदिक.

कामावरचे इंजिनिअर देशमाने साहेब. वयानं माझ्या नातवाएवढे, पर माणूस वाईट न्हाय. एक दिवस फाट्यावर येऊन त्यांनी गावाला सांगितलं, "कट बंद करा म्हणून वरून सारखा तगादा आहे. बोगदा होईपर्यंत मी ते थोपवून धरतो. पण इथं एक जरी अपघात झाला, तर दुसऱ्या दिवशी सिमेंटचे ठोकळे टाकून कट बंद. मग माझ्याकडं यायचं नाही."

गावानं एकमेकाकडं बघितलं. मंग सगळ्यांनी माझ्याकडं अन् म्हादूकडं बघितलं.

तवापासून आमी दोघं. अलीकडच्या कडंला माझी प्लास्टिकची खुर्ची, पलीकडच्या कडंला म्हादूची. साहेबांनी दोन लाल झेंडे दिले. सकाळपासून दिवस मावळंपातूर बसायचं, गाडी बघायची, माणूस सोडायचं.

शाळेचे वाघमारे गुरुजी म्हणाले, "तात्या, रिटायर होऊन तुमची बढती झाली. आधी रस्त्याची राखण होती, आता माणसांची."

म्या हसलो. म्हादू हसला न्हाय. म्हणला, "रस्ता जागचा हलत न्हाय, गुरुजी. माणसं हलत्यात."

*

पयल्याच आठवड्यातलं. नवरात्र तोंडावर आलेलं. शाळेची येळ झाली, गुरुजी पोरांची रांग घेऊन रोडच्या कडंला आले. म्या दोन्हीकडं बघितलं, झेंडा वर केला अन् रांग सोडली.

लांबून टमाट्याचा पिकअप येत होता. लाल झेंडा बघून गाडीनं हळू व्हावं का न्हाय? तिनं जोर धरला. म्या झेंडा हलवला, तसा आणखी जोर. निम्मी पोरं रोडवर. गुरुजींनी दोन्ही हात पसरून पोरं मागं लोटली, म्या शेवटच्या दोघांची दप्तरं धरून वढली. पिकअप गेला तवा त्याच्या वाऱ्यानं माझी टोपी उडून डिव्हायडरपलीकडं पडली.

वरचं एक क्रेट सुटून खाली आलं म्हणून ड्रायव्हर पुढं जाऊन थांबला. गुरुजींनी त्याला गाठला. कधी आवाज न चढवणारा माणूस, त्या दिवशी चढवला. ड्रायव्हरनं कडंची पोरं बघितली अन् त्याचं तोंड उतरलं. हात जोडून म्हणला, "गुरुजी, सकाळपासून सात गावात झेंडे दाखवून गाडी अडवली. सात पावत्या फाडल्या. मला वाटलं हे आठवं मंडळ."

तवर म्हादूनं काय केलं? पलीकडच्या लिंबाची एक डहाळी मोडली, रोडवर आडवी टाकली अन् तिच्यापुढं तीन दगड मांडले. गाडी बंद पडली की ड्रायव्हर लोक तसं करत्यात. बत्तीस वर्षं ती डहाळी अन् ते दगड रोज सकाळी उचलून टाकायचं काम आमचंच होतं. पुढची गाडी आली अन् लांबूनच हळू झाली.

दुसऱ्या दिवशी देशमाने साहेबांनी इचारलं, "बाबा, झेंडे कुठं आहेत?"

म्हादू म्हणला, "झेंडा बघून माणूस खिसा धरतंय, साहेब. पाला बघून ब्रेक धरतंय."

*

साहेबांनी मंग गाड्यांना लेन कळावी म्हणून कटसमोर, रोडच्या मधोमध एक जाड पांढरा पट्टा मारून घेतला. गाड्या जरा शिस्तीत चालाय लागल्या. पर कौसाबाईची म्हैस थांबली.

कौसाबाई म्हंजी आमच्या गल्लीतली, सत्तरीची बाई. घरात ती अन् म्हैस, दोघीच. शेत पलीकडं. त्या दिवशी म्या पाला टाकला, रोड मोकळा केला अन् तिला चल म्हणलं. म्हैस रोडच्या मधोमध आली, मुंडी खाली घालून पट्टा हुंगला अन् उभी राह्यली. जनावराला तो पट्टा खड्डा वाटला का काय, कुणाला ठावं. पुढचा पाय उचलंना.

सोलापूरकडनं एक कंटेनर येत होता, भरलेला. ब्रेक मारला तरी भरलेलं धूड किती लांब घसरत येतंय ते म्या उभ्या जन्मात बघितलंय. नुसत्या पाल्यानं ते थांबणार न्हाय, हे मला दिसत होतं.

म्या म्हणलं, "वढ की तिला."

कौसाबाई म्हणली, "वढलं की बसती. बसली की सांजंला उठती."

कंटेनरनं हॉर्न दाबला तो सोडंना. म्हादू पलीकडनं पळत निघाला. दम्याचं माणूस, दोन पावलांत त्याचा श्वास वाजाय लागला. अन् कौसाबाईनं काय करावं? म्हशीनं भेदरून नुकतंच शेण टाकलं होतं. तिनं ते दोन्ही हातांनी उचललं अन् अंगण सारवावं तसं पट्ट्यावर सारवाय लागली. घाई न्हाय, गडबड न्हाय. म्हशीच्या पायापुढचं हातभर पांढरं दिसायचं बंद झालं. म्हशीनं परत हुंगलं, फुस्स केलं अन् निघाली. कंटेनर घासत गेला तवा तिची शेपटी कटमधी नुकतीच शिरली होती.

सांजंला साहेब आले. पट्टा बघून त्यांचा चेहरा पडला. हा पट्टा गाड्यांसाठी असतो, त्यावर काही टाकायचं नसतं, असं त्यांनी कौसाबाईला नीट समजावून सांगितलं. तिनं समदं ऐकून घेतलं.

"गाड्यांनी काय करावं ते कळलं, साहेब. म्हशीनं काय करावं ते कुठं लिवलंय?"

साहेबांनी हातातला नकाशा खरंच एकदा उलगडून बघितला.

*

त्या शेणावरनंच पुढचं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी म्या झाडू घेऊन निघालो, अन् तेवढ्यात एक मोटरसायकल त्याच्यावरनं घसरली. गडी उताणा अन् गाडी आडवी. पळत जाऊन बघतो तर रशीदभाईचा जावई!

रशीदभाईचं फाट्यावर चहाचं हॉटेल. लेकीचं लग्न होऊन महिना झाला न्हाय. जावई सोलापूरचा, सासरवाडीला एकटा पयल्यांदाच येत होता. गुडघा फुटला होता, बाकी धडधाकट. रशीदभाई उघड्या पायानं धावत आले. "लगा क्या? कुछ नै हुआ, कुछ नै हुआ," असं जावयाला म्हणत होते का सोताला, कुणाला ठावं.

तेवढ्यात म्हादूनं पलीकडनं हात केला. साहेबांची जीप दिसाय लागली होती.

एक अपघात अन् कट बंद. कुणी कुणाला काय सांगितलं न्हाय. गुरुजींनी मोटरसायकल उभी केली. म्या शेणावर माती टाकली. रशीदभाईंनी जावयाला हॉटेलात बाकड्यावर बसवला, फुटक्या गुडघ्यावर टॉवेल टाकला अन् हातात कप दिला. साहेब आत आले तवा आमी सगळे चहा पीत होतो.

साहेबांनी इचारलं, आज काय इशेष? पोरांना रोज खरं बोलावं म्हणून शिकवणारे गुरुजी बशीत बघाय लागले. साहेबांची नजर जावयावर गेली. रशीदभाई म्हणले, "जावई हैं हमारे, साहेब. चाय पीने आये."

"हेल्मेट घालून?"

आमी तवा बघितलं. गडबडीत त्याच्या डोक्यावरचं हेल्मेट काढायचंच राह्यलं होतं. तसाच बसून तो फुंकर मारून चहा पीत होता.

रशीदभाईंनी हेल्मेटकडं एकदा बघितलं. मंग म्हणले, "नये जावई हैं, साहेब. ससुर के सामने सर खुला नै करते."

साहेब चहा पिऊन गेले.

मला मातर जेवण गेलं न्हाय. दुसऱ्या दिवशी म्या चालत त्यांच्या हापिसावर गेलो. म्हणलं, साहेब, काल जावई पडला होता, आमी दडवलं. त्यांनी पेन खाली ठेवला.

"कुठं पडला?"

"कटच्या अलीकडं. चार पावलं."

"नक्की चार?"

"माझी चार. तुमची तीन व्हतील."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मंग म्हणले, "कटमधला अपघात मोजायचा ठरलाय. हा रस्त्यावरचा झाला." म्या उठलो तसं परत हाक मारली. "पण बाबा, खरं बोललात म्हणून सांगतो. आमचे मोठे साहेब आले, तर ते पावलं मोजत बसणार नाहीत."

*

गुरुजींनी पोरांना एक शिकवलं होतं. चाकाकडं बघायचं न्हाय, ड्रायव्हरच्या डोळ्याकडं बघायचं. त्यानं आपल्याकडं बघितलं तरच पाय टाकायचा. पोरं तसं शिकली, मोठी माणसं शिकली न्हाईत.

दुपारची गोष्ट. शाळा सुटली. रांगेत पुढं दुसरीतली प्रज्ञा. म्हादूनं पाला टाकला तसा तुळजापूरकडनं येणारा एक ट्रक शिस्तीत थांबला. कर्नाटक पासिंग. ड्रायव्हरनं हातानं 'जा' म्हणून खूण केली.

प्रज्ञा जागची हलली न्हाय.

त्यानं परत खूण केली. पोरगी नुसती वर बघत उभी. ट्रकच्या मागं एक मोटार थांबली, तिच्यामागं एसटी, तिच्यामागं टेम्पो. हॉर्न सुरू झाले. एका जीपवाल्याला दम निघंना, तो कडंच्या मातीतनं डावीकडनं पुढं घुसाय लागला, नेमका पोरांच्या अंगावर. म्हादू त्या जीपपुढं जाऊन उभा राह्यला. बंपर त्याच्या मांडीला टेकला तरी तो सरकला न्हाय.

म्या अलीकडनं वराडतोय, सोडा न्हायतर मागं घ्या. गुरुजी म्हणले, "प्रज्ञा, चल बाळा, थांबलेत ते."

ती म्हणली, "गुरुजी, त्यांचे डोळे दिसत न्हाईत."

ड्रायव्हरला काळा गॉगल होता.

त्याला मराठी कळत नव्हतं, पर पोरगी कुठं बघती ते कळलं. त्यानं इंजिन बंद केलं, खाली उतरला. धिप्पाड गडी. तिच्यापुढं उकिडवा बसला अन् गॉगल काढला. "नोडव्वा," म्हणला. बघ बाई, असं.

तिनं जवळ जाऊन एक डोळा बघितला, मंग दुसरा बघितला. लालभडक होते, पापण्या मिटत होत्या. ती गुरुजींकडं वळली.

"गुरुजी, ह्यांना झोप आलीय."

पोरं पार झाली. रशीदभाईंनी ट्रक कडंला घ्यायला लावला अन् त्या गड्याला बाजंवर आडवा केला. दोन दिवस झोपला नव्हता म्हणं. उठला तवा उन्हं कलली होती. तोंड धुतलं, चहा घेतला अन् इचारलं, "टीचर यल्ली?" टीचर कुठं हायत म्हणून.

गुरुजी पुढं झाले. त्यानं मान हलवली अन् हात आपल्या कमरेएवढा खाली धरून दाखवला.

*

थंडीत आमच्याकडं धुकं पडतं. ह्या साली असं पडलं की खुर्चीत बसून सोताचे पाय दिसंनात. म्हादू पलीकडं हाय का न्हाय, ते सुदिक दिसंना.

त्याला आमची जुनी तोड होती. कामावर असताना लांबनं बोलायचं झालं तर आमी पहारीनं दगडावर ठोका द्यायचो. एक ठोका, ये. दोन ठोके, थांब. धुक्यात तेच चालू केलं. म्हादू तळहात डांबरावर ठेवायचा. जड गाडी येत असली की रोड आधी हाताला सांगतो, म्हणायचा. मंग ठोका द्यायचा. आठ दिवस एकालाबी धक्का लागला न्हाय.

नवव्या सकाळी अलीकडं रांग उभी. पोरं, कौसाबाई, म्हैस. म्या इचारायला एक ठोका दिला. उत्तर न्हाय. परत दिला. न्हाय. हाक मारली, धुक्यानं गिळली. असं कधीच झालं नव्हतं. मला पलीकडं जाता येईना, कारण रांग सोडली तर पोरं माझ्यामागं येणार. गुरुजी माझ्या तोंडाकडं बघतायत. कौसाबाई म्हणली, "अजून एकदा दे." म्या दिला.

लई येळानं पलीकडनं ठोके आले. दोन. एवढे हळू की जणू दगडाला लागंल म्हणून जपून मारलेले.

धुकं जरा इरळलं तसं दिसलं. म्हादू रोडवर उभा अन् त्याच्या छातीपुढं हातभर अंतरावर एक बस. नवी, विजेवर चालणारी. आवाज न्हाय, धूर न्हाय, हादरा न्हाय. डहाळी उचलायला तो रोडवर गेला अन् मागं वळला तर बस समोर. ड्रायव्हरनं ब्रेक मारून स्टिअरिंगवर डोकं टेकलं होतं. म्हादूला हातातली पहार उचलून डहाळीपुढच्या दगडावर ठोका द्यायला तेवढा येळ लागला होता.

खुर्चीत बसवून पाणी पाजलं. किती तरी येळ तो बसकडंच बघत होता. मंग म्हणला, "बत्तीस वर्षांत पयल्यांदा गाडी न सांगता आली."

*

त्या थंडीनं म्हादूचा दमा उसळला. महिनाभर खोकला, तरी खुर्ची सोडली न्हाय. अन् एका मंगळवारी सकाळी घरीच वारला.

त्याच मंगळवारी दुपारी मोठे साहेब येणार होते. देशमाने साहेबांनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. कट बंद करायचं पत्र तयार हाय, मोठे साहेब जागा बघणार अन् जागेवरच सही करणार. त्यांच्यासमोर काही घडू देऊ नका, एवढं त्यांनी आमाला इनवलं होतं.

आता मयत न्यायचं ते कटमधनंच. गुरुजी म्हणले, साहेब येऊन जाईपर्यंत थांबू या का? म्हादूचा लेक दत्ता रडत होता, तो डोळे पुसून म्हणला, "बापानं इतके महिने बसून सगळ्या गावाला पार सोडलं. आता त्यालाच थांबवायचं?" मंग आमी तिरडी बांधाय घेतली.

आमच्याकडं मसणवट्याच्या निम्म्या वाटंवर तिरडी खाली टेकवायची रीत हाय. त्याला इसावा म्हणत्यात. खांदेकऱ्यांनी मागचं पुढं व्हायचं, एक खडा ठेवायचा अन् मंग उचलायचं. आमचा इसाव्याचा दगड रोडच्या कामात गेला. तवा गावातल्या जुन्या माणसांनी चावडीपासून मसणवट्यापातूर पावलं मोजून निम्मी वाट काढली. ती बरोबर कटच्या पुढं, पलीकडच्या लेनमधी आली. जागा चार हात हिकडं-तिकडं करा, असं गुरुजी म्हणून बघितले. कुणी ऐकलं न्हाय. निम्मं म्हंजी निम्मं. तवापासून दोन मयतं तशीच भर रोडवर टेकवली. दोन्ही बारीला अलीकडं म्या पाला घेऊन उभा होतो, पलीकडं म्हादू.

ह्या बारीला म्हादू तिरडीवर.

दत्ता पुढं मडकं घेऊन. खांद्याला त्याचा चुलतभाऊ, गुरुजी, रशीदभाई अन् म्या. अलीकडचा पाला कौसाबाईनं धरला होता. फाट्यावर आलो तर हॉटेलापुढं पांढरी मोटार उभी, देशमाने साहेब हातात कागद घेऊन. अलीकडच्या गाड्या थांबल्या. कट ओलांडला. पलीकडच्या लेनमधी तिरडी टेकवली. आमी जागा बदलल्या, दत्तानं खडा ठेवला.

अन् म्या तुळजापूरकडं बघितलं. लांबनं सळ्या भरलेला ट्रेलर येत होता. सळ्या हातभर बाहेर आलेल्या. त्या कडंला खुर्ची मोकळी.

गुरुजी म्हणले, "उचला." आमी उचलली. दांडा माझ्या खांद्यावर. बत्तीस वर्षांच्या जोडीदाराचा. ट्रेलर हळू व्हायचं काय चिन्ह दिसंना. शेजारी कुणी तरी उभं होतं. म्या म्हणलं, "धर," अन् न बघता दांडा त्याच्या खांद्यावर ठेवून पळालो. डहाळी मोडायला येळ न्हाय, डोक्याचा पटका काढला अन् रोडच्या मधोमध धरून उभा राह्यलो. टायर किंचाळले, जळका वास आला. ट्रेलर थांबला तवा त्याची काच माझ्या तोंडापुढं होती. आतल्या ड्रायव्हरनं माझ्या मागं बघितलं अन् डोक्यावरची टोपी काढली.

म्या मागं वळलो. तिरडी पलीकडं उतरून चालली होती. माझ्या कोपऱ्याला एक टकलं, पांढऱ्या शर्टातलं माणूस होतं. गळ्यात ओळखपत्र लोंबत होतं. पायात कायच नव्हतं.

गुरुजींनी नंतर सांगितलं. गाड्या का थांबल्या ते बघायला मोठे साहेब चालत कटमधनं आले होते. दांडा खांद्यावर आला तसे बोलाय लागले, अहो मी, मी. गुरुजी एवढंच म्हणले, "बूट, साहेब." त्यांनी पाय झटकून बूट तिथंच सोडले.

म्या मागनं मसणवट्यात पोचलो. साहेब शेवटपातूर थांबले. परतताना माझ्यासंगट रोडच्या कडंला आले तवा ऊन तापलं होतं. अडवून धरलेल्या गाड्या सुटल्या होत्या, एकामागं एक, मधी फट न्हाय. समोर गावाच्या बाजूला त्यांची मोटार अन् देशमाने साहेब. मधी कटच्या तोंडाशी काळ्या बुटांची जोडी, अन् गाड्या तिच्या अंगावरनं जायच्या त्या बिचकून बाजूनं जात होत्या.

मोठ्या साहेबांनी एक पाऊल टाकलं, मागं घेतलं. परत टाकलं, परत घेतलं. पाय भाजत होते, एक उचलून दुसऱ्यावर ठेवत होते.

"ह्या बाजूला कुणी नसतं का?"

"असायचा," म्या म्हणलं. "आत्ता खांदा दिलात तो."

साहेब मोकळ्या खुर्चीकडं बघत राह्यले. मंग त्यांनी माझा हात धरला, लेकरू धरतं तसा. म्या गाड्या बघितल्या, फट बघितली अन् त्यांना घेऊन निघालो. कटमधी त्यांनी वाकून बूट उचलले. अलीकडं आल्यावर आमच्या आधी परतलेले रशीदभाई तांब्या घेऊन पुढं आले, मयताहून आल्यावर पाय धुवायला.

देशमाने साहेबांनी कागद अन् पेन पुढं केला. "सर, सही."

"बोगदा झाल्यावर आणा," मोठे साहेब म्हणले, अन् पाय पुढं केला.